घास आणि टिपण : मालवण किनाऱ्यावरील परसातले पक्षी व मराठी पक्षिलेखन

१

मराठी वाङ्मयात पक्षी विपुल आहेत. पक्षिलेखन मात्र त्या मानाने थोडे आहे. ओवीत, अंगाईगीतात, अभंगात आणि आधुनिक भावकवितेत पाखरू पदोपदी भेटते. परंतु ते बहुधा कोणाचा तरी निरोप घेऊन आलेले असते. हा निरोप कधी माहेरचा असतो, कधी पितरांचा, कधी पावसाचा, तर कधी विरहाचा. आपल्या पोटासाठी धडपडणारे, आपले घरटे राखणारे, आपल्या जातीच्या स्वभावाने वागणारे पाखरू पाहावयाचे, तर वाचकास काव्याची वाट सोडून निसर्गविषयक गद्याकडे वळावे लागते. आणि या गद्याची आपल्या समीक्षेने घेतलेली दखल त्याच्या गुणांच्या मानाने अपुरी आहे. ललित निबंधाचा एक उपप्रकार म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि ‘रसाळ वर्णन’, ‘सूक्ष्म निरीक्षण’ अशी दोन-तीन ठरावीक विशेषणे देऊन समीक्षक पुढे जातो. ते निरीक्षण कशाचे, ते पाहिलेले की ऐकलेले, आणि ते ज्या शब्दांत आले ते शब्द कोठून आले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरते विचारावयाचे आहेत. ते क्षेत्र म्हणजे घराचे परस आणि तेथे आपण होऊन येणारे, न पाळलेले पक्षी. या पक्ष्यांशी मनुष्य दोन प्रकारे संबंध जोडतो. तो त्यांना दाणापाणी घालतो, किंवा त्यांना न्याहाळून त्यांच्या वागण्याची नोंद ठेवतो. पहिल्या कृतीस आपण ‘घास’ म्हणू व दुसरीस ‘टिपण’. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद दाणा वेचणाऱ्या पाखरालाही लागते आणि नोंद करणाऱ्या माणसालाही लागते, ही गोष्ट या विवेचनास सोयीची आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घास आणि टिपण हे दोन्ही संबंध आपल्या भाषेच्या जुन्या नामकरणात एकत्र नांदत होते. वाङ्मयात ते पुढे वेगळे झाले. घास कवितेकडे गेला आणि टिपण शास्त्राकडे. ज्या थोड्या लेखकांनी त्यांना पुन्हा एका वाक्यात आणले, त्यांचे गद्य या प्रकारातील श्रेष्ठ गद्य होय. आणि ही जोड ज्या जागी स्वाभाविकपणे होऊ शकते ती जागा अभयारण्यापेक्षा घराचे परस ही आहे. उदाहरणासाठी सिंधुदुर्गातील मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा निवडला आहे. कारण तेथे परस अद्याप पुरते नाहीसे झालेले नाही आणि तेथील बोलीत पक्ष्यांची नावे अजून वापरात आहेत.

२

प्रथम नामकरणाचा विचार करू. अमरकोशात कावळ्याची जी पर्यायनामे दिली आहेत, त्यांत ‘बलिपुष्ट’ आणि ‘सकृत्प्रज’ ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात. पहिल्याचा अर्थ बळीच्या अन्नावर पोसलेला. दुसऱ्याचा अर्थ एकदाच प्रजा होणारा. पहिले नाव घासाचे आहे. गृहस्थाने भूतयज्ञाच्या निमित्ताने बाहेर ठेवलेल्या अन्नाशी ते कावळ्याला जोडते. दुसरे नाव टिपणाचे आहे. कोणीतरी कावळ्याच्या विणीकडे लक्ष ठेवल्यावाचून ते सुचणे शक्य नाही. ते निरीक्षण आजच्या शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, हा प्रश्न वेगळा. कोशकाराला ही दोन नावे एकाच पक्ष्याची आणि एकाच दर्जाची वाटली, हे येथे महत्त्वाचे आहे. कोकिळेचे ‘परभृत’ हे नावही असेच आहे. दुसऱ्याने पोसलेला, हा त्याचा अर्थ; कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते हे निरीक्षण त्या एका शब्दात साठवलेले आहे.

मराठीने हीच पद्धत आपल्या गावगाड्याच्या अंगाने पुढे नेली. तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल ही आपल्याकडील सर्वपरिचित पक्षिनामे पाहावीत. ही सारी धंद्यांची नावे आहेत. तांबटाचा आवाज तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यासारखा एकसुरी असतो. शिंपी पाने शिवून त्यांत घरटे करतो. सुतार खोड टोकरतो. धोबी हिवाळ्यात पाणवठ्याशी शेपटी आपटीत हिंडतो. खाटीक आपले भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. कोतवाल आपल्या घरट्याच्या परिसरातून कावळ्याला आणि घारीला हुसकून लावतो, आणि त्याच्या या पहाऱ्याचा लाभ घेऊन इतर लहान पाखरे त्याच झाडावर वीण करतात. यांतील प्रत्येक नाव म्हणजे एक पूर्ण टिपण आहे. परंतु ते परक्या वस्तूचे टिपण नाही. ज्याला गावाने धंदा दिला, त्याला गावाने आपल्यात घेतले, असा त्या नावांचा सामाजिक अर्थ आहे. म्हणजे ओळख पटविणे आणि नाते जोडणे या दोन क्रिया येथे एकाच शब्दाने उरकल्या आहेत.

याच्या उलट आजच्या पक्षिनिरीक्षकाच्या हातातील पुस्तकांत आढळणारी नावे पाहावीत: लालबुड्या बुलबुल, जांभळ्या पाठीचा शिंजीर, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. ही नावे खुणेवरून दिलेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी इंग्रजी नावांच्या घडणीवर बेतलेली आहेत. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. दुर्बिणीतून क्षणभर दिसलेला पक्षी इतर जवळच्या जातींपासून वेगळा ओळखावयाचा असेल, तर रंग आणि अवयव यांचाच आधार घ्यावा लागतो. तथापि दोन पद्धतींतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. खुणेवरून दिलेले नाव एका दृष्टिक्षेपात सुचू शकते. कामावरून दिलेले नाव सुचण्यासाठी एका जागी वर्षानुवर्षे शेजार करावा लागतो.

३

मालवणच्या बाजूस हा शेजार कसा घडत आला, हे पाहण्यासारखे आहे. घरापुढे शेणाने सारवलेले खळे, मागे माडाची आणि केळीची बाग, कडेने जांभ्या दगडाचा गडगा, न्हाणीचे पाणी अळवाच्या वाफ्यात सोडलेले, बाजूस गोठा, अशी या घराची साधारण मांडणी असे. या मांडणीत पक्ष्यांसाठी म्हणून वेगळे काही केलेले नसे; तरीही प्रत्येक भागाचा एकेक पाहुणा ठरलेला होता. खळ्यात भात झोडले आणि वारवले गेले की चिमण्या आणि पारवे येत. गोठ्यातील किडामुंगीवर साळुंकी आणि दयाळ जगत. न्हाणीच्या ओलीवर शिंपी आणि धोबी येत. जास्वंदीवर शिंजीर आणि पांगाऱ्याच्या फुलोऱ्यावर साळुंक्या, कोतवाल व हळदे जमत. नवान्नाच्या वेळी भाताच्या लोंब्या पानांसह दाराला बांधण्याची कोकणात रीत आहे. त्या लोंब्यांचे दाणे पुढे चिमण्यांच्या वाट्याला येतात. किनाऱ्यावर रापण ओढली जात असता घारी, कावळे आणि बगळे वाळूवर जमतात. रापणीतील मासळीची वाटणी भागीदारांत होते, आणि जे वाळूत सांडते ते या पाखरांचे असते.

यावरून दिसेल की या प्रदेशातील घास हा बहुतांशी हेतुपूर्वक घातलेला घास नव्हता. तो घराच्या आणि समुद्राच्या व्यवहारातून सांडलेला घास होता. हेतुपूर्वक घातलेला घास दोनच प्रसंगी आढळतो. एक, मूल जेवत नसले की चिमणीच्या आणि कावळ्याच्या नावाने काढलेला घास. यात पक्षी हा मुलाला भरवण्यासाठी बोलावलेला नातलग आहे. चिमणी ‘ताई’ झाली आहे ती येथे. दुसरा प्रसंग पितृपक्षातील म्हाळाचा व श्राद्धाचा. तेथे कावळ्यासाठी पान वाढून ठेवतात आणि तो शिवेपर्यंत घरची माणसे वाट पाहतात.

हा दुसरा प्रसंग समीक्षकाने बारकाईने पाहण्याजोगा आहे. मराठी घरात एखाद्या पक्ष्याकडे इतक्या एकाग्रतेने, इतका वेळ, इतक्या जणांनी मिळून पाहिले जाते असा दुसरा प्रसंग नाही. कावळा कोठे बसला, कोणत्या बाजूने उतरला, का कचरला, पुन्हा का उडाला, हे सारे कुटुंब श्वास रोखून पाहत असते. परंतु या पाहण्यातून कावळ्याविषयी एक अक्षरही हाती लागत नाही. तो गावकावळा होता की डोमकावळा, माणसांच्या गर्दीने बुजला की दुसऱ्या कावळ्याच्या धाकाने, हे कोणी विचारीत नाही. वाचली जाते ती मृताची अपुरी इच्छा. उषा दातार यांच्या कथेवरून २०१२ साली आलेल्या ‘काकस्पर्श’ या चित्रपटाच्या नावातच या वाचनाचे सामर्थ्य दिसते. तेथे कावळ्याचे न शिवणे हे मानवी नात्याच्या एका गाठीचे चिन्ह होते, आणि चिन्ह म्हणून ते परिणामकारक आहे. प्रश्न इतकाच की, चिन्हाची ही सवय एवढी बळकट असता पक्षी पक्षी म्हणून दिसावा कसा?

सिंधुदुर्गाशी संबंध असलेल्या मोठ्या लेखकांतही ही सवय आढळते. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ या काळात अध्यापन केलेल्या वि. स. खांडेकरांच्या रूपककथेत निसर्गातील वस्तू एखाद्या तत्त्वाचे वाहन म्हणून येतात. तो त्या प्रकाराचा धर्मच आहे. वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी घागर काळी’ (१९६२) वा ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत निसर्ग हा मनोव्यापाराचा, भयाचा आणि नियतीचा विस्तार आहे. हा दोष नाही. परंतु या किनाऱ्याच्या पक्ष्यांची पाहून केलेली नोंद शोधावयाची झाल्यास या ग्रंथांकडे जाऊन चालत नाही, हेही तितकेच खरे. ती नोंद प्रथम इंग्रजीत झाली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७५ च्या आपल्या लक्षद्वीपच्या सफरीत वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांना भेट दिली व तेथील पक्ष्यांचे वर्णन आपल्या नियतकालिकात केले. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी त्याच खडकांवरील, लाळेने घरटे बांधणाऱ्या पाकोळ्या आणि सुरय पक्षी यांविषयीचा लेख १९४० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे परसात घास होता, समुद्रातील खडकांवर टिपण होते. एक मालवणीत आणि दुसरे इंग्रजीत. या दोहोंत बोलाचाली नव्हती.

४

घास आणि टिपण यांच्या या फारकतीचा परिणाम काव्यवाचनावर कसा होतो, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता मराठी वाचकास मुखोद्गत आहे. १९५२ साली त्यांच्या कविता आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून ही कविता पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे. त्या कवितेत सुगरण आपल्या पिलांसाठी झाडाला झोका टांगते. तिच्या इवल्याशा चोचीचे कौशल्य पाहून कवयित्री माणसाला त्याच्या हातांची आठवण करून देते.

आता सलीम अली यांचे टिपण पाहू. १९३० साली त्यांनी अलिबागजवळील किहीम येथे, आपल्या मुक्कामाच्या घराजवळ असलेली सुगरणींची वसाहत काही महिने सतत न्याहाळली व १९३१ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांना असे आढळून आले की घरटे बांधतो तो नर. अर्धेमुर्धे झालेले घरटे माद्या येऊन तपासतात. एखादीला ते पसंत पडले की ती त्यात राहावयास येते, मग नर ते पुरे करतो आणि लगोलग शेजारी दुसरे घरटे बांधावयास घेतो. तेही पसंत पडले, तर त्यात दुसरी मादी येते. म्हणजे घरटे बांधणारी आई ही मुळात आईच नव्हती.

यावर दोन प्रकारची उत्तरे संभवतात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक उत्तर असे की, काव्याला पक्षिशास्त्राची कसोटी लावणे हे अरसिकपणाचे लक्षण होय. दुसरे असे की, कवितेत चूक आहे, सबब तिचे मोल कमी. आमच्या मते समीक्षकाचे काम या दोहोंच्या मध्ये आहे. बहिणाबाईंनी प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यांना काय परंपरेने मिळाले, हे निवडून दाखविणे हे ते काम. त्यांनी खोपा पाहिला. तो टांगलेला असणे, त्याची वीण, चोचीखेरीज दुसरे साधन नसणे, हे सारे नेमके आहे. तेथे शेतात राबणाऱ्या बाईची नजर आहे. बांधणारी मादी मात्र त्यांना भाषेने दिली. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे आणि तो स्वयंपाकात व घरकामात निपुण असलेल्या गृहिणीचा आहे. ज्या भाषेने या पक्ष्याला कामावरून नाव दिले, तिने काम अचूक पाहिले आणि काम करणाराचे लिंग मात्र आपल्या घरातील कामाच्या वाटणीवरून ठरविले.

कोकिळेची कथा अशीच आहे. वसंतात तो उंच चढत जाणारा स्वर काढतो तो काळा नर. ठिपक्याठिपक्यांची मादी इतके गोड गात नाही. तरीही आपल्या काव्यात गाते ती ‘कोकिळा’. आणखी एक उदाहरण भारद्वाजाचे. कोकणात ज्यास कुकुडकुंबा म्हणतात, त्याचे दर्शन शुभ मानले जाते. प्रत्यक्षात हा पक्षी झुडपांतून हिंडत इतर पाखरांची अंडी आणि पिले मटकावतो. कोकिळेच्या कुळातला असूनही स्वतःची पिले मात्र स्वतः वाढवतो. शकुन पाहणाऱ्याला यांतील काहीच दिसत नाही, कारण दर्शन होताच त्याचे पाहणे संपते. शकुन आणि निरीक्षण यांत हाच मुख्य भेद आहे: एकाचा शेवट जेथे होतो तेथे दुसऱ्याचा आरंभ होतो.

किहीमच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. भारतीय पक्षिशास्त्रातील हे महत्त्वाचे निरीक्षण दुर्गम अरण्यात झालेले नाही. कोकणातील एका घराशेजारी, पावसाळ्यात, रोजच्या वाटेवरच्या झाडापाशी ते झाले. परसाच्या शेजारातून पूर्वी नावे निघाली, त्याच प्रकारच्या शेजारातून येथे शास्त्र निघाले. सलीम अलींना त्या महिन्यांत वही आणि चिकाटी यांखेरीज फारसे भांडवल लागले नाही.

५

मराठी पक्षिलेखनाकडे या दृष्टीने पाहिले असता त्याची प्रगती एका रेषेत झालेली दिसत नाही. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडे, फुले, आकाश आणि पाखरे यांचे जे लेखन केले, त्याचे महत्त्व कालक्रमाच्या शिस्तीत आहे. महिना हे एकक धरल्यामुळे वर्णनाला तारखेचे बंधन पडले. जे वैशाखात दिसते ते आषाढात सांगता येत नाही. आणि ही मर्यादा लेखकाला पाहण्यास भाग पाडते. संस्कृत काव्यातील संकेतांचा विपुल परिचय असूनही त्या संकेतांवर विसंबून राहत नाहीत, हा दुर्गाबाईंचा विशेष आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ (१९७९) या पुस्तकात टिपण अधिक उघडे झाले. अरण्यात मुक्काम करून रोजचे पाहिलेले लिहिणे, अलंकार टाळणे, आणि जे दिसले नाही ते न लिहिणे, ही त्या गद्याची शिस्त होय. माडगूळकर चित्रकार होते, याचा परिणाम त्यांच्या वाक्यावर जाणवतो. रेषा ओढावी तसे ते वाक्य ओढतात आणि थांबतात. मात्र या लेखनात लेखक पाहुणा आहे. तो अरण्यात जातो आणि परत येतो. त्याचा प्राण्यांशी संबंध आदराचा आहे, शेजाराचा नाही.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे कार्य या दोहोंहून निराळे आहे. वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलात काढल्यामुळे त्यांचा शेजार दीर्घ होता, आणि त्या शेजारात पक्ष्यांइतकीच माणसेही होती. ढिवर, गोंड आणि इतर वनवासी यांच्याकडून त्यांनी शब्द गोळा केले; कावळ्यांच्या वस्तीला ‘काकागार’, बगळ्यांच्या विणीच्या जागेला ‘सारंगागार’ असे शब्द मराठीत रूढ केले; आणि ‘पक्षिकोश’ (२००२) सिद्ध केला. अमरकोशातील त्या दोन नावांची परंपरा आधुनिक काळात कोणी जाणतेपणाने चालविली असेल, तर ती त्यांनी. त्यांच्या लेखनावर आक्षेप घ्यावयाचा तर असा घेता येईल की, ऐकलेले आणि पाहिलेले यांची सीमारेषा ते पुष्कळदा पुसट ठेवतात. लोकसमजुतीचे वर्णन आणि स्वतःचे निरीक्षण एकाच रसाळ सुरात येते, आणि वाचकाने कशावर किती विसंबावे हे त्याचे त्याला ठरवावे लागते. हा आक्षेप किरकोळ नाही. परंतु तो आक्षेप घेण्याइतकी सामग्री या प्रकारात त्यांनीच प्रथम पुरविली, हेही नमूद केले पाहिजे.

परसाच्या दृष्टीने किरण पुरंदरे यांच्या ‘पक्षी – आपले सख्खे शेजारी’ या पुस्तकाचे नाव विशेष अर्थपूर्ण वाटते. ‘सख्खे’ हा शब्द घासाच्या भाषेतला आहे आणि पुस्तकाचा विषय टिपणाचा आहे. अभयारण्याऐवजी वस्तीतले पक्षी हा विषय होऊ शकतो, एवढे म्हणणे सोपे आहे. त्या पक्ष्यांविषयी लिहिताना ‘ताई’पणाचा लाडिकपणा टाळून सख्खेपण राखणे मात्र अवघड आहे. लहान मुलांसाठी लिहिलेल्या पुष्कळ मराठी पुस्तकांत चिमणी बोलते, रुसते, शाळेत जाते. परंतु ती पिलांना काय भरवते, हे सांगितले जात नाही. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्या आणि किडे भरवते, हे एक वाक्य मुलाला अंगणाकडे पाहावयास जितके लावील, तितके तिचे बोलणे लावणार नाही.

६

हा विचार केवळ वाङ्मयीन राहू शकत नाही, कारण त्याचा आधार असलेले परसच बदलत आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. किनाऱ्यावरील पुष्कळ घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या वाढविल्या. खळ्यावर लादी आली, गोठा रिकामा झाला. व्यवहारातून सांडणारा घास त्यामुळे आटत चालला आहे. त्याच्या जागी विकतचे दाणे, टांगलेली भांडी आणि छायाचित्रे यांचा हौशी घास येत आहे. या हौशीचे स्वागत करताना तिचे परिणामही पाहिले पाहिजेत. ब्रिटनमध्ये बागेत दाणे टांगण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. तेथे २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यात एका परोपजीवी रोगाची साथ पसरली, एकाच भांड्यावर होणाऱ्या गर्दीने तिला हातभार लागला, आणि २०२१ मध्ये या एके काळच्या नित्यपरिचित पक्ष्याची नोंद तेथील धोक्याच्या यादीत झाली. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: ज्या घासाला टिपणाची जोड नाही, तो दयाबुद्धीने घातलेला असूनही कोणास हितकर आणि कोणास अहितकर ठरतो, हे घालणाराला कळत नाही. गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या लाँचमागे उडणाऱ्या कुरवांना तळलेले खाद्य फेकणारा प्रवासी आनंद घेतो यात शंका नाही. परंतु तो कुरव कोठून आला आणि मासळी सोडून हे का खातो, हा प्रश्न त्याला पडत नाही.

दुसऱ्या बाजूस टिपणाचे क्षेत्र अभूतपूर्व वाढले आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली परसातील पक्ष्यांची फेब्रुवारीतील गणना २०१३ पासून भारतातही होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्षिस्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. हौशी माणसाच्या वहीला एवढे शास्त्रीय वजन पूर्वी कधीच नव्हते. याच मालिकेतील २०२० च्या अहवालाने चिमणीविषयीची एक सार्वत्रिक समजूतही सुधारली: मोठ्या महानगरांत ती घटत असली, तरी देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे. चिमणी गेली, हा विलाप मराठी ललितलेखनात इतका रूढ झाला आहे की तो करणाऱ्या किती जणांनी चिमण्या मोजल्या, असे विचारण्याची वेळ आली आहे.

तथापि या नोंदींतही एक उणीव आहे आणि ती भाषेची आहे. भ्रमणध्वनीवर भरलेल्या यादीत जात, संख्या, वेळ आणि ठिकाण येते. काम येत नाही, झाड येत नाही, बोलीतील नाव तर येतच नाही. मालवणीत कावळा ‘कावळो’ होतो आणि बगळा ‘बगळो’. हे केवळ उच्चाराचे प्रकरण म्हणून सोडून देता येईल. परंतु पुस्तकातला ‘धनेश’ कोकणात ‘ककणेर’ असतो, आणि भारद्वाज ‘कुकुडकुंबा’ असतो, तेव्हा शब्दाबरोबर एक स्वतंत्र ज्ञानसाठा उभा असतो. ककणेर कोणत्या वडावर केव्हा येतो, त्याची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो, हे ज्यांनी पाहिले ते त्याला धनेश म्हणत नाहीत. नावांचे प्रमाणीकरण आवश्यक आहे. ते झाल्यावाचून दोन तालुक्यांच्या नोंदी जुळणार नाहीत. पण प्रमाण नावाच्या शेजारी बोलीतील नाव लिहून ठेवले नाही, तर एका पिढीत ते नाव आणि त्यामागचे निरीक्षण दोन्ही जातील.

येथे मराठीच्या अभ्यासकाचे कर्तव्य सुरू होते. पक्षिमित्र पक्षी मोजतील. नावे गोळा करण्याचे काम त्यांच्यावर सोपविणे योग्य नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ येथील एकेक वाडी घ्यावी. तेथील वृद्ध स्त्रियांना, रापणकरांना, गुराख्यांना विचारून प्रत्येक पक्ष्याची चार अंगे टिपावीत: नाव, त्याचे काम, त्याचे झाड किंवा जागा, आणि त्याचा महिना. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे पाचव्या रकान्यात लिहावे. हा पाचवा रकाना महत्त्वाचा आहे. कारण चितमपल्लींच्या लेखनाविषयी वर घेतलेला आक्षेप आपल्या संशोधनावर येऊ नये, यासाठी तोच उपाय आहे. असे कोष्टक हाती आले की खांडेकर-खानोलकरांच्या पानांतील पक्षी, ओव्यांतील पक्षी आणि पाठ्यपुस्तकांतील पक्षी यांच्याकडे नव्याने पाहता येईल, आणि कोणते पाखरू पाहिलेले व कोणते वारशाने आलेले, हे ठरविण्यास आधार मिळेल.

या कामास मोठा खर्च नाही. परसात एक पांगारा, एक उंबर, जास्वंदीची वई, आणि रोज बदललेल्या पाण्याचे एक मातीचे पसरट भांडे असले, तर पाहुणे दाण्याच्या टांगत्या भांड्यावाचूनही येतात. विद्यार्थ्याने वही घेऊन वर्षभर तेथेच बसावे. पहिल्या पावसाळ्यात त्याला कदाचित पंधरा-वीस जातींपलीकडे काही मिळणार नाही. परंतु त्या पंधरा-वीसांना मालवणीत कामावरून दिलेली जी नावे अजून सांगितली जातात, ती छापील कोशात आहेत की नाहीत, हे त्याला दुसऱ्या वर्षी निश्चितपणे सांगता येईल. आणि मराठी पक्षिलेखनाच्या समीक्षेला आज ज्या सामग्रीची गरज आहे ती तीच होय.